वीतभर कापड

अंगावरचे कपडे उतरवा. लाजायचं कारण नाही. आठ दिवसांनी हेच तुम्हाला गच्च भरलेल्या मैदानासमोर करायचं आहे. वाचणाऱ्या बाई असाल तरी हरकत नाही, कारण शरीर तुमचं नाहीच, आजच्यापुरतं उसनं आहे. वय तेवीस. वजन पासष्ट किलोच्या आसपास. खांदे भरलेले, कंबर आत गेलेली, तळहातांवर लोखंडी बारने पडलेले घट्टे. मूठ वळून बघा, दंड कसा टचकन भरून येतो. आवडलं ना? मग चला. साल 1979, डिसेंबर संपत आलाय आणि तुम्ही लालबागच्या एका कापड गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, उभे आहात.

सगळ्यात आधी कान जातात. शेकडो साचे एकाच वेळी धडधडतायत. शेजारचा माणूस तोंडाजवळ येऊन ओरडतो तरी शब्द पोचत नाही, ओठांवरून ओळखायचं. सूत तुटू नये म्हणून खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवलेली असते. तो दमटपणा तुमच्या मानेवरून पाठीत उतरतो आणि बनियन चिकटून बसतो. पापण्यांवर कापसाचे तंतू. नाकात तेलाचा, गरम लोखंडाचा वास. साडेतीनला भोंगा होतो आणि पहिली पाळी फाटकातून बाहेर लोटते. त्या लोंढ्यात अंग सोडून द्या, तो तुम्हाला बरोबर रस्त्यावर नेऊन सोडेल.

आता खरी परीक्षा. चिवडा गल्लीवरून जायचंय. कढईत पोहे फुलतायत, शेंगदाणे लाल होतायत, कढीपत्ता तडतडतोय. पलीकडच्या दुकानांतून मिरचीचा खकाणा येतो आणि पाठोपाठ धणे-खोबरं भाजल्याचा वास. तुमच्या पोटात सकाळपासून अंड्यांचा पांढरा भाग, मोड आलेले उकडलेले मूग आणि अर्धं केळं. मीठ बंद. तेल बंद. चिवडा तर गेल्या गणपतीत खाल्लेला. मान खाली घाला आणि पाय उचला.

शरीर तीन वर्षं घडलंय. ते आता आठ दिवसांत बदलायचं नाही. बदलता येईल ते त्याच्यावरचं वीतभर कापड. पोझिंग ट्रंक. स्पर्धेत शर्ट नाही, बूट नाही, टोपी नाही. ही एवढी एकच वस्तू तुमच्यात आणि परीक्षकांत उरते. ती चुकली की तीन वर्षांची मेहनत तिच्यापाशी अडून बसते.

बाजारात ती मिळेल असं वाटत असेल, तर धोबी तलावला जाऊन या. खेळाच्या सामानाची दुकानं तिथे ओळीने आहेत. बॅटी, बूट, बुद्धिबळाचे पट आणि काचेच्या कपाटात पोहण्याच्या चड्ड्या. हातात घेऊन बघा. पाय मांडीवर खालपर्यंत उतरलेले, बाजूला दोन पांढरे पट्टे, पुढे लोंबणारी नाडी. स्पर्धेच्या सूचनांत स्पष्ट असतं: ट्रंक एकरंगी, नक्षी नको, झालर नको, चकाकी नको. पट्ट्यांवर तर पहिल्या नजरेतच फुली. दुकानदाराला नमस्कार करा आणि परतीची बस पकडा.

संध्याकाळ. चाळीच्या मागे पत्र्याच्या छपराखाली व्यायामशाळा आहे. दारात चपला काढा. आत मारुतीच्या मूर्तीवर शेंदराचा थर, समोर उदबत्ती. तिच्या वासात घाम, गंज आणि खोबरेल मिसळलेलं. प्लेटी एकमेकींवर आपटतात तेव्हा पत्राही थरथरतो. एका कोपऱ्यात जुने मुद्गल अजून उभे आहेत आणि कपाटात बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी संपादित केलेल्या व्यायामज्ञानकोशाचे खंड, कडा कुरतडलेले.

भिंतीवरच्या तसबिरींकडे नीट बघा. तुमच्या प्रश्नाचा अर्धा इतिहास तिथेच टांगलाय. डावीकडे युजेन सँडो, कमरेला बिबट्याचं कातडं. 1901 साली त्याने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मोठी शरीरसौष्ठव स्पर्धा भरवली. परीक्षक होते शिल्पकार चार्ल्स लॉज आणि शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल. स्पर्धकांना नेमून दिलेला पोशाख: काळ्या घट्ट विजारी, पट्टा आणि वर बिबट्याचं कातडं. मांड्या, पोटऱ्या सगळ्या कापडाआड. विचार करा, त्या काळात तुम्ही महिनोन्‌महिने बैठका मारल्या असत्या आणि परीक्षकांना दिसलं असतं काळं कापड. उजवीकडची तसबीर मनोहर ऐच यांची. उंची पाच फुटांनाही इंचभर कमी. 1952 साली ते मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपल्या उंचीच्या गटात पहिले आले. कमरेला साधी छोटी ट्रंक, आणि खाली मांडीचा स्नायू न् स्नायू मोजून घ्यावा इतका उघडा. या दोन तसबिरींच्या मध्ये पन्नास वर्षांत कापड वर वर सरकत गेलं आणि पाय दिसू लागले.

“काय रे, ट्रंकेचं काय केलंस?”

हे वस्ताद. पांढरी मिशी, धोतर, कोल्हापूरच्या तालमीत मुरलेलं अंग. त्यांना उलट उत्तर द्यायचं नाही. “नाही मिळाली, वस्ताद,” एवढंच म्हणा.

ते बाकाखालून पत्र्याची पेटी ओढतात. आत व्यायामशाळेच्या तीन ट्रंका. वर्षानुवर्षं इथल्या पोरांनी आळीपाळीने घातलेल्या, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणाऱ्या. “घाल. एकेक करून घाल. अंगाला तेल लाव आणि दिव्याखाली उभा राहा.”

पहिली पांढरी. हातात छान दिसते, सावळ्या अंगावर उठूनही दिसते. दोन पोरं तुमच्या पाठीला, मांड्यांना तेल चोपडतात. हात वर घेऊन डबल बायसेप्स मारता मारता तेल ओघळून कापडात शिरतं, आधी पिवळा डाग पडतो आणि मग कापड पारदर्शक व्हायला लागतं. मागे कुणीतरी खोकतं. टॉवेल घ्या, पटकन.

दुसरी सोनेरी साटिनची. काय थाट! वरच्या दिव्याचा उजेड तिच्यावर पडतो आणि उलट फिरून बघणाऱ्याच्या डोळ्यात जातो. तुम्ही पोट आवळता, सहाच्या सहा चौकोन उमटतात, आणि समोर बसलेली बारकी पोरं कुठे बघतायत ते बघा. ट्रंकेकडे. वस्ताद काहीच बोलत नाहीत. त्यांनी पोरांकडे बोट दाखवलं, तेवढं पुरे.

तिसरी काळी. हिच्यात तुम्हाला बरं वाटतं. तेल लागलं तरी कळत नाही, चमकत नाही, पोटाकडे नजर जाते. “हीच घेतो, वस्ताद.”

“मागे पडदा कुठल्या रंगाचा लावणारायत?”

माहीत नाही.

“मग विचारून ये. मागे काळा पडदा असला आणि कमरेला काळं, तर लांबून वरचं धड वेगळं आणि पाय वेगळे दिसतील. मधला माणूस गायब.” मग ते जवळ येतात, आवाज खाली आणतात. “लोकांच्या लक्षात चड्डी राहिली, की पोरगं हरलं म्हणून समज.”

या एका वाक्यासाठी तुम्हाला इतक्या लांब आणलं. चांगली ट्रंक नजरेला आपल्यापाशी थांबू देत नाही, वर पोटाकडे नाहीतर खाली मांडीकडे पाठवून देते. ज्याने आयुष्यभर मातीत लंगोट कसला, त्या म्हाताऱ्याला हे नेमकं उमगलेलं आहे, आणि मला त्याचं फार मोल वाटतं.

लंगोटावरून आठवलं. आत लंगोट ठेवावा का, हे तुमच्या जिभेवर आहे. विचारून टाका.

“ठेव की. परीक्षकांना मागची गाठ मोजू दे.” सगळी व्यायामशाळा हसते. तुम्हीही हसा, पण मुद्दा ध्यानात घ्या. लंगोटाच्या पट्ट्या ट्रंकेखालून उमटतात, कडा बाहेर डोकावतात, आणि गाठीमुळे पाठीकडची रेष मोडते. कुस्तीत तो हवाच, इथे नको. त्याऐवजी ट्रंकेलाच पुढून पातळ अस्तर लावून घ्यायचं.

आता वस्ताद खिशातून खडू काढतात. हो, शाळेतला पांढरा खडू. दचकू नका, तो थंड लागतो. बेंबीच्या खाली चार बोटं सोडून ते पोटावर आडवी रेष ओढतात. “नेफा इथे. वर घेतलास तर खालचं पोट झाकलं जाईल आणि धड आखूड दिसेल.” मग बाजूला, कमरेच्या हाडापाशी दोन खुणा. “तुझे पाय धडाच्या मानाने आखूड. बाजूची पट्टी अरुंद ठेव, म्हणजे मांडी वरपासून सुरू झालेली दिसेल.” शेजारी उभ्या असलेल्या लंबूटांग पोराला मात्र ते उलटं सांगतात: पट्टी रुंद ठेव, पाय आधीच लांब आहेत, त्यांना आणखी ताणू नकोस. त्याची कंबर थोडी जाड, म्हणून नेफ्याचं इलॅस्टिक सैल. घट्ट इलॅस्टिक कातडीत रुततं आणि वर वळकटी उठते. नसलेली चरबी दिसायला लागते. मागच्या बाजूला दोघांनाही एकच हुकूम: पूर्ण झाक. स्पर्धा शरीराची आहे, तमाशा नाही.

एकाला शोभते ती दुसऱ्याला शोभत नाही, हे असं खडूने अंगावर काढून दाखवल्यावरच पटतं. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून आणलेला ‘मसल बिल्डर’चा एक जुना अंक पोरांच्या हातात फिरतोय. त्यात फ्रँक झेन आहे, सलग तीन वर्षं मिस्टर ऑलिंपिया. त्याच्यासारखी ट्रंक हवी म्हणून अर्धी व्यायामशाळा हट्ट धरून बसलीय. पण झेनची कंबर झेनची आहे. ती नाही, मग त्याच्या मापाची ट्रंक कुठे बसायची?

शर्ट चढवा, हळूच, खडू पुसला जाऊ देऊ नका. घाम यायच्या आत शिंप्याकडे पोचायचं आहे.

कुठल्या शिंप्याकडे? इथे पुष्कळ जण चुकतात. नाक्यावरचा सूट-पँटवाला मास्तर मोठा आहे, त्याच्याकडे जातात. तुम्ही ब्लाउजवाल्याकडे जा. पँट अंगापासून सुटी असते. ब्लाउज अंगाला बसावा लागतो, हात वर केला तरी उचलला जाता कामा नये, श्वास घेतला तरी उसवता कामा नये. तुम्हालाही तेच हवंय.

मास्तरांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. शिलाई मशीनची कटकट, इस्त्रीच्या कोळशाचा धूर, चिंध्यांचा ढीग. बाकावर दोन बायका ब्लाउज पीस मांडीवर घेऊन बसल्यात. तुम्हाला बघून एकीने पदर सावरला, दुसरीने विचारलं, “तू आमच्या सुमनच्या चाळीतला ना रे?” मान हलवा आणि पडद्याआड व्हा. मास्तर चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणतात, खडूच्या रेघा बघतात, आणि जराही न हसता टेप लावतात. वहीत आकडे उतरतात. “कापड ताणणारं आण. दोन्ही बाजूंनी ताणणारं. आणि हो, शिवून झाल्यावर इथेच बसून-उठून दाखवायचं. नंतर तक्रार नको.”

दुसऱ्या दिवशी मंगळदास मार्केट. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून हमाल गाठोडं घेऊन आला की भिंतीला पाठ लावायची. नव्या कापडाचा खळीचा वास, अत्तराची झुळूक, चहाच्या ग्लासांची किणकिण, गुजरातीत चाललेले सौदे. पांढऱ्या गादीवर बसलेले शेठ तुमच्यापुढे ठाण उलगडतात. कापड हातात घ्या. आडवं ताणा. उभं ताणा. सोडल्यावर जागेवर येतंय का? आलं नाही तर पुढचं. आता तळहात खाली धरा आणि कापड ताणलेलं असताना बघा. बोटं दिसली, तर स्टेजवर काय होईल ते तुम्ही काल पाहिलंय. आणि उजेडात तिरपं धरा. झळाळी मारली की बाजूला ठेवा.

रंगाचं उत्तर सकाळीच मिळालं. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या कार्यकर्त्याने सांगितलं, पडदा गडद निळा. मग निळं कापड बाद, काळंही नको. तुमचा रंग सावळा, तेलाने आणखी खुलणार. गडद मरून पकडा. अंगाशी भांडत नाही, पडद्यात बुडत नाही, आणि तेलाचा डाग गिळून टाकतो.

“केटलुं?” शेठ विचारतात.

“पाव मीटर.”

शेठची कात्री थांबते. ते तुमच्या खांद्यांकडे बघतात, मग कापडाकडे, मग पुन्हा खांद्यांकडे. शेवटी बोटभर जास्तच कापून देतात. उरलेल्याचं काय करायचं ते मास्तरांना ठाऊक असेल.

मास्तरांना काय काय ठाऊक आहे ते आता बघाच. साधी सरळ टीप ताणणाऱ्या कापडावर टिकत नाही. कापड लांब होतं, दोरा होत नाही, आणि मांडी आवळली की तटकन तुटतो. म्हणून ते पुढून-मागून कापड ताणून धरतात आणि मगच सुईखाली सोडतात. टीप कापडाबरोबर खेळती राहते. पायाच्या कडांना आत बारीक इलॅस्टिक. नेफ्यात इलॅस्टिक आणि नाडी, दोन्ही. “आठ दिवसांत तुझी कंबर अजून उतरणार,” ते म्हणतात. “आज बसली ती त्या दिवशी घसरेल. नाडी आतून बांध, टोकं आत खोच.” किती स्पर्धक महिनाभर आधी ट्रंक शिवून ठेवतात आणि ऐन दिवशी दोन हातांनी ती सावरत फिरतात! कंबर शेवटच्या आठवड्यातच पळते; ट्रंकेने तिच्या मागे जायला हवं.

पडद्याआड घालून बघा. मांडी ताणा. बैठक मारा. कमरेत वळा, पाठ दाखवा, एक पाय टाचेवर टेकवून पोटरी आवळा. टर्र! डाव्या बाजूला दोन टाके गेले. बाहेर बायका गप्प झाल्यात. मास्तर पडद्यातून हात आत घालतात, “दे इकडे,” आणि तीच शिवण पुन्हा, दुहेरी. आता उसवली ते बरं झालं.

घरी दहा बाय बाराची खोली, त्यात सहा माणसं. ट्रंक आधी धुवायची, साबणाने, दोनदा. मरून रंग कच्चा निघाला, तर घाम आणि तेलाबरोबर मांड्यांवर लाल ओघळ उतरतील. बादलीतलं पाणी पहिल्यांदा गुलाबी होतं, दुसऱ्यांदा स्वच्छ. मग गॅलरीतल्या दोरीवर, लुगड्यांच्या आणि चादरींच्या मध्ये, ती वाळत पडते. आई बाहेर येते, चिमट्यासकट उचलून बघते.

“आणि बाकीची कुठाय?”

“एवढीच असते गं.”

“एवढ्याची शिलाई घेतली मेल्याने?” ती पुन्हा लावते दोरीवर, पण चादर जरा पुढे ओढून. शेजारच्या दारातून हसू फुटतं. गॅलरीतली बारकी पोरं दिवसभर तिच्याखालून दंड फुगवत जातात.

रात्री सगळे झोपले की कपाटाच्या आरशासमोर उभे राहा. पायाखाली धाकट्या भावाचा हात येणार नाही एवढं बघा. ट्रंक घालून सातही पोझ: समोरून डबल बायसेप्स, समोरून लॅट स्प्रेड, बाजूने छाती, पाठमोरं डबल बायसेप्स, पाठमोरं लॅट स्प्रेड, बाजूने ट्रायसेप्स, मग पोट आणि मांडी. प्रत्येक पोझनंतर हात खाली आणा आणि ट्रंकेला हात लावू नका. ती वर सरकली का? मागे गोळा झाली का? पोझ संपल्यावर ट्रंक ओढणारा स्पर्धक परीक्षकांच्या नजरेला बरोबर नको तिथे नेतो. ही सवय आरशासमोरच मोडायची. पहाटे पहिल्या पाळीचा भोंगा होईपर्यंत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा.

आणि मग तो दिवस. ट्रंक घरूनच पँटच्या आत घालून निघा. मैदानावर कपडे बदलायला खोली नाही, स्टेजमागे कनात आहे एवढंच.

परळचं मैदान. फळ्यांचं स्टेज, मागे तो निळा पडदा, चारी बाजूंना बांबू. जमिनीवर सतरंज्या, त्यांच्यामागे बाकडी, बाकड्यांमागे उभी माणसं, आणि आजूबाजूच्या चाळींच्या गॅलऱ्यांतून डोकीच डोकी. भुईमुगाच्या शेंगांचा, विडीचा, धुळीचा वास. कुणीतरी माइकवर फुंकर मारतो, ती लाउडस्पीकरवर घुमते. थंडी आहे, लालबाग-परळला जेवढी पडते तेवढी, पण तुमच्या अंगावर चरबीचा थर उरलेला नाही, त्यामुळे ती थेट हाडांना भिडते.

कनातीमागे वीस-पंचवीस उघडी शरीरं. विटा उचलून, टॉवेल ओढून सगळे पंप मारतायत. कुणी जोर मारतोय, कुणी गुळाचा खडा चघळतोय. तहान लागलीय ना? घोटभरच, ओठ ओले करा. खोबरेलाची बाटली उलटी करा. काही पडणार नाही, तेल थिजलंय. वस्ताद ती चहावाल्याच्या स्टोव्हपाशी नेऊन धरतात, हळूहळू पांढरं विरघळतं, आणि कोमट तेल पाठीवर पडतं तेव्हा अंगभर शहारा येतो. थोडंच लावा. ट्रंकेच्या कडेपासून दोन बोटं लांब राहा, तिथे ते आपोआप पोचतं.

एक कार्यकर्ता बॅटरी घेऊन ओळीने ट्रंका तपासत येतो. तुमच्या पुढच्याची हिरवी, चमचमती. “ही नाही चालणार.” पोरगा रडवेला. तुमच्यापाशी बॅटरी क्षणभर थांबते आणि पुढे जाते. नंबराचा बिल्ला डाव्या बाजूला लावायचाय. पिन कापडात घुसवू नका, ताण आला की तिथूनच फाटतं. शिवणीच्या दुहेरी जागेत घाला. वस्ताद स्वतः लावून देतात, बोटाने दाबून बघतात.

“चौथा गट! स्टेजवर या!”

पाय फळ्यांवर पडतात. फळी करकरते. दिव्यांची धग छातीवर येते आणि थंडी पळते. समोर काही दिसत नाही, फक्त उजेड आणि त्यामागून येणारा आवाज. शिट्ट्या, आरोळ्या, कुठूनतरी तुमच्या चाळीचं नाव. खालून परीक्षक पोझ पुकारतात आणि तुमचं अंग रात्रीच्या सवयीने आपोआप उभं राहतं. हात वर. छाती भरा. मांडी आवळा, आणखी आवळा, थरथरू दे. ट्रंक कुठे आहे? ती आहे हे तुम्हाला आठवतही नाही. पाठमोरे व्हा, पंख पसरा, आणि मागून गर्दीचा तो गोंगाट पाठीवर घ्या. शेवटची पोझ: हात डोक्यामागे, श्वास सोडा, पोट आत. खालचं पोट दिवसभराच्या उपाशीपणाने कोरलेलं, आणि त्याच्या खाली वस्तादांच्या खडूची ती रेष, जिथे असायला हवी तिथेच.

गटात तिसरे आलात. वाईट नाही, पहिला आला तो आणखी दोन वर्षं जास्त खपलाय.

पण खाली उतरून श्वास घ्यायला वेळ कुठे आहे? कनातीमागे गोंधळ माजलाय. पाचव्या गटातल्या त्या लंबूटांग पोराची ट्रंक ऐन बैठकीत मागून उसवली. सरळ टिपेची होती. तो टॉवेल धरून तुमच्यापुढे उभा, डोळ्यांत पाणी.

“दादा, देतोस का? परत आणून देतो. शप्पथ.”

त्याची पट्टी रुंद हवी होती, तुमची अरुंद आहे. नसल्यापेक्षा बरी. नाडी सोडा, बिल्ला काढा. वस्ताद तुमच्याभोवती चादर धरतात, तेलाने माखलेली मरून ट्रंक हातोहात पलीकडे जाते. कापड ताणणारं आहे, बसते. नंबर बदलला, पिन शिवणीतच. लाउडस्पीकरवर पाचवा गट पुकारला जातो, तो पोरगा फळ्यांवर धावतो, आणि तुम्ही कमरेला टॉवेल गुंडाळून पडद्याच्या फटीतून जिवाच्या आकांताने ओरडता:

“हात लावू नको रे तिला! पोट आत घे, पोट!”